अंदाजे अकरा

आमच्या आप्पांनी आम्हां भावंडांना आयुष्यात कधी उपदेश केला नाही. हे ऐकून लोकांना माझा हेवा वाटतो. वाटू नये. उपदेश करणाऱ्या बापाचं बरं असतं. तो बोलत असतो तोवर मान हलवायची आणि त्याचं बोलून झालं की आपल्याला हवं तेच करायचं. तोंडातून अवाक्षर न काढता नुसतं वागून दाखवणाऱ्या बापापुढे मान हलवायचीही सोय नसते.

आप्पा पाटबंधारे खात्यात कारकून होते. त्या काळी सरकारी नोकरांच्या घरी पोरांच्या कच्च्या वह्या कुठल्या कागदांच्या असत, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्याचं कोणाला काही वाटतही नसे. आमच्याकडे मात्र रद्दीवाल्याकडून किलोच्या भावाने पाठकोरे कागद विकत यायचे. आप्पा ते सारखे कापून दाभणाने शिवत आणि वही तयार करत. एकदा त्रैराशिक सोडवता सोडवता मी पान उलटलं, तर मागे कालव्याच्या पाणीपाळीचा तक्ता आणि तो खुद्द आप्पांच्या अक्षरात. म्हणजे आप्पांच्याच ऑफिसची रद्दी लिलावात गेली होती, ती रद्दीवाल्याने उचलली होती आणि आप्पांनी ती त्याच्याकडून रोख पैसे मोजून घेतली होती. मी धावत जाऊन त्यांना कागद दाखवला. मला वाटलं, हसतील. त्यांनी चष्मा लावला, तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला, बेरजेतली एक चूक पेन्सिलने दुरुस्त केली आणि कागद मला परत दिला.

आईची तऱ्हा वेगळी. सानेगुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहून काढलं, दोन वर्षांनी ते पुस्तकरूपात आलं, १९५३ मध्ये अत्र्यांनी त्याचा सिनेमा केला आणि राष्ट्रपतींचं सुवर्णपदकही मिळवलं. तेव्हापासून मराठी घरातल्या प्रत्येक आईच्या डोक्यावर ती एक आई कायमची बसलेली आहे. अंघोळ झाल्यावर पायांना माती लागू नये म्हणून श्याम हट्ट धरतो आणि आई ओलं लुगडं पसरते, तो प्रसंग वाचून मीही एकदा ओल्या पायांनी मोरीच्या कडेला उभा राहिलो. आईने पायपुसणं फेकून मारलं. आमच्या घरातलं लिखित वाङ्मय आणि प्रत्यक्ष व्यवहार यांच्यातलं अंतर मला तेव्हाच कळलं. पुढे तेच अंतर मी जिवापाड जपलं.

आता मुख्य मुद्द्यावर, म्हणजे एसटीवर येतो. एसटीत पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धं तिकीट पडतं. मला बारा पूर्ण झाली नेमक्या त्याच दिवशी आम्ही स्वारगेटहून वाईला निघालो होतो. वाहकाकडे तेव्हा तिकिटांच्या गठ्ठ्यांचा पत्र्याचा ट्रे आणि भोक पाडायचा चिमटा असे. मी इतका किरकोळ होतो, की त्याने न विचारताच अर्ध्या तिकिटाला हात घातला. आप्पा म्हणाले, “पूर्ण द्या. आज सकाळी सहा वाजता बारा पूर्ण झाली.” वाहकाने माझ्याकडे बघितलं, आप्पांकडे बघितलं आणि चिमटा जरा जोरातच दाबला. पूर्ण तिकिटाचा मानकरी म्हणून मी खंबाटकीचा घाट उभ्याने चढलो. गाडीत बसायला जागा नव्हती आणि मांडीवर बसायचं वय कायद्याने सकाळी सहालाच संपलं होतं.

त्याच घाटात मी ठरवून टाकलं, की आपण बाप झालो तर हे असलं करायचं नाही. आयुष्यात केलेल्या संकल्पांपैकी हा एकच मी तंतोतंत पाळला.

बाप झाल्यावर मी संवादाचा मार्ग धरला. आप्पा बोलायचे नाहीत, मी बोलतो. प्रामाणिकपणा, वक्तशीरपणा, पाण्याची बचत, झेब्रा क्रॉसिंग, कशावर म्हणाल त्यावर मी चिरंजिवांशी जेवताना बोलतो. शिवाय थोडंफार वाचलेलंही आहे. अल्बर्ट बांडुरा नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डच्या बालवाडीतल्या ७२ मुलांवर एक प्रयोग केला. मोठ्या माणसाने मुलांसमोर एका फुगवलेल्या बाहुल्याला बदडायचं आणि मग मुलं काय करतात ते बघायचं. मुलांनीही बाहुल्याला बदडलं, हे तर झालंच. पण काहींनी त्या मोठ्या माणसाने न दाखवलेले मारायचे प्रकारही स्वतःच्या डोक्याने शोधून काढले. प्रयोगाचा हा दुसरा भाग मी वाचला होता, पण मनावर घेतला नव्हता.

मी मनावर घेतलं ते एवढंच, की मूल बघून शिकतं, तर आपण दाखवू या. रोज रात्री जेवणानंतर मी दिवाणखान्यात जाडजूड पुस्तक उघडून बसू लागलो. पुस्तकाच्या आत मोबाइल असे. आठवडाभरातच चिरंजीवही भूगोलाचं पुस्तक उघडून माझ्याशेजारी बसू लागले. मला भरून आलं. बायकोला मी अभिमानाने खूण केली. ती उठली, तिने भूगोल उचलला आणि त्यातून क्रिकेटचा सामना खाली पडला. मग तिने माझ्याकडे बघितलं. मी वाचनात गढून गेलो होतो, पान मात्र बराच वेळ उलटलं नव्हतं.

एवढी पार्श्वभूमी पुरे. वाईला चुलतबहिणीकडे वास्तुशांत होती. आई मदतीसाठी दोन दिवस आधीच गेली होती. शाळा उघडायच्या आधीच्या रविवारी आप्पा, बायको, चिरंजीव आणि मी असे निघणार होतो. चिरंजिवांना मे महिन्यात बारा पूर्ण झाली होती. अंगकाठी माझ्यावर गेलेली, त्यामुळे दिसायला नऊ-दहाचा. माझ्याकडून त्याला मिळालेला हा एकच वारसा बाजारात काही मोलाचा होता आणि तो एसटीत वटवावा असं माझ्या मनाने घेतलं.

याला कारणही होतं. १७ मार्च २०२३ पासून एसटीत सगळ्या महिलांना अर्धं तिकीट झालं. ज्येष्ठांना अर्धं होतंच, आणि २६ ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरी पूर्ण केलेल्यांना ‘अमृत’ योजनेत प्रवास फुकट झाला. सगळ्या घराला काही ना काही मिळालं, पूर्ण तिकिटाचा धनी तेवढा मी उरलो. बाराव्या वर्षी जी बढती मिळाली ती अजून चालूच आहे. तेव्हा पोराच्या निमित्ताने शंभराच्या आतले का होईना, चार पैसे वसूल करावेत, असा हिशेब मी केला. आदल्या रात्री संवाद साधला.

“उद्या कंडक्टरने विचारलं, तर बारावं चालू आहे म्हण.”

“बारावं संपलं ना बाबा. तेरावं चालू आहे.”

“हो, पण प्रवासात अंदाजे सांगायचं असतं.”

“अंदाजे किती?”

“अंदाजे अकरा.”

“म्हणजे खोटं?”

“खोटं म्हणजे ज्याने कोणाचं नुकसान होतं ते.”

“एसटीचं होईल की.”

यावर मी एसटी ही आपलीच आहे, आपल्याच करातून चालते आणि आपल्याच खिशातून आपणच काढलेल्या पैशाला कोणी नुकसान म्हणत नाही, असं बरंच काही बोललो. बोलता बोलता मला शाळेतला मूल्यशिक्षणाचा तक्ता आठवला. महाराष्ट्रातल्या शाळांत दहा गाभामूल्यं शिकवतात. श्रमप्रतिष्ठा, राष्ट्रभक्ती, राष्ट्रीय एकात्मता, सर्वधर्मसहिष्णुता, स्त्री-पुरुष समानता, वैज्ञानिक दृष्टिकोन, संवेदनशीलता, सौजन्यशीलता, नीटनेटकेपणा, वक्तशीरपणा. मी बोटांवर मोजून पाहिलं. खरं बोलणं त्यात वेगळं घातलेलं नाही. मला हायसं वाटलं. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. ती एवढंच म्हणाली, “तुमच्या संवादात मला घेऊ नकोस.”

आप्पांमुळे आम्ही गाडीच्या तासभर आधी स्वारगेटला होतो. महाबळेश्वरची साधी गाडी लागली, लोक खिडकीतून रुमाल आणि टोप्या टाकून जागा धरू लागले. आप्पा रांगेतून चढले. तरी तिघांचं एक बाकडं आम्हाला मिळालं. खिडकीशी आप्पा, मध्ये चिरंजीव, कडेला मी. बायको पुढे महिलांच्या राखीव सीटवर जाऊन बसली आणि तिथून तिने आमच्याशी संबंध तोडला.

कंडक्टर मशीन घेऊन आला. मी पाचशेची नोट पुढे केली आणि एका दमात म्हणालो, “वाई. एक फुल, एक महिला, एक ज्येष्ठ, एक हाफ.” घाईत बोललं की हाफकडे लक्ष जात नाही, असा माझा अंदाज.

लक्ष ज्येष्ठाकडे गेलं. “आजोबांचं अमृत ना? पंच्याहत्तर झाली असतील.”

“नाही,” आप्पा म्हणाले. “अर्धं.”

“आधार बघू.”

आप्पांनी लॅमिनेट केलेलं आधार कार्ड दिलं. कंडक्टर खूश झाला. “हे काय, एक जूनला पूर्ण झाली की! फुकट तुम्हाला.”

“ती तारीख हेडमास्तरांनी घातलेली आहे. माझा जन्म नागपंचमीचा. नागपंचमीला पूर्ण होतील.”

माझ्या पोटात गोळा आला. आप्पांच्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राचा जन्म एक जूनला झालेला आहे, हे सर्वांना माहीत असतं. पोरगं शाळेत बसावं म्हणून मास्तर वय जुळवून ती तारीख टाकून द्यायचे. पण चालत्या गाडीत, मागे तीस माणसं तिकिटासाठी खोळंबलेली असताना त्याची दुरुस्ती मागणारा माणूस मी दुसरा बघितलेला नाही.

“आजोबा, मशीनमध्ये नागपंचमी नाही हो. कागदावर आहे ते खरं.”

“कागद चुकीचा आहे.”

“घ्या की आजोबा, सरकार देतंय,” मागून कोणीतरी म्हणालं. “माझीपण एक जूनच,” दुसरा एक म्हातारा उठून म्हणाला. मग गाडीत आणखी तीन एक जूनवाले निघाले आणि त्यांची एकमेकांशी ओळख झाली. एका बाईंनी नागपंचमीचा जन्म म्हणजे माणूस चिवट असायचाच, असा निर्वाळा दिला. कंडक्टर रंगात आला. “अहो, एसटीचापण वाढदिवस एक जूनच! अठ्ठेचाळीस साली पहिली गाडी सुटली, पुणे ते नगर. आपण सगळे एका तारखेचे. वाढदिवसाची भेट समजा.” आप्पा नोट काढून बसलेले. शेवटी कंडक्टरने हुकमाचं पान टाकलं. “नोकरीत होता ना? रिटायर कधी झालात?”

“एकतीस मेला.”

“म्हणजे एक जून धरूनच! तेव्हा नाही म्हणालात नागपंचमी?”

“नाही. त्यात माझंच नुकसान होतं.”

कंडक्टर गप्प झाला. मीही. आप्पांचा सगळा कायदा एवढाच होता. कागदाने तोटा होत असेल तेव्हा कागद खरा, फायदा होत असेल तेव्हा नागपंचमी खरी. मी हा कायदा लहानपणापासून बरोबर उलटा वाचत आलो होतो.

आप्पांचं अर्धं तिकीट निघालं. कंडक्टरने घाम पुसला आणि सुटका करून घेण्यासाठी चिरंजिवांकडे वळला. “आणि हा? किती वर्षांचा रे?”

इथे वाचकांना वाटेल, की आजोबांचं बघून नातू खरं बोलला आणि बापाची मान खाली गेली. मलाही क्षणभर तीच भीती वाटली. चिरंजिवांनी पाठ ताठ केली, कंडक्टरच्या डोळ्याला डोळा भिडवला आणि हुबेहूब आप्पांच्या आवाजात म्हणाले, “अकरा. नागपंचमीला बारा पूर्ण होतील.”

कंडक्टरला गहिवर यायचा बाकी राहिला. “आजोबा-नातू एकाच दिवशी! बघा, याला म्हणतात घराणं.” मागच्या बाईंनी चिरंजिवांना खोबऱ्याची वडी दिली. हाफ तिकीट निघालं. बांडुरांच्या पोरांनी स्वतःचे नवे प्रकार शोधले होते, माझ्या पोराने नागपंचमी शोधली. माझ्याकडून कच्चा माल, आप्पांकडून सादरीकरण. मी आदल्या रात्री शिकवलेलं खोटं चाचरत बोलायचं होतं, ते त्याने आप्पांच्या पतीवर उधार घेऊन ठणठणीत करून टाकलं.

आप्पा खिडकीतून बाहेर बघत होते. मे महिन्यात याच नातवाला वाढदिवसाची सायकल त्यांनीच घेऊन दिली होती. ते काही म्हणाले नाहीत. खेड शिवापूरचा टोलनाका गेला, शिरवळ गेलं, तरी म्हणाले नाहीत. मी चार वेळा पाऊस लांबला, असं म्हणून बघितलं. चिरंजीव वडी खात होते आणि अधूनमधून शाबासकीसाठी माझ्याकडे बघत होते.

घाट सुरू झाला आणि आप्पा उठले. वरच्या दांडीला धरत धरत कंडक्टरच्या सीटपाशी गेले. मला तुटक तुटक ऐकू येत होतं.

“एक हाफ द्या. स्वारगेट ते वाई.”

“कोणासाठी?”

“द्या.”

“आजोबा, माणूस कुठंय? तपासनीस चढले तर तिकिटाला माणूस कमी भरंल!”

“भरला तर मी सांगेन त्यांना.”

बहुधा सकाळपासून या माणसाशी वाद घालण्यातला फोलपणा कंडक्टरला कळला असावा. मशीन कुरकुरलं. आप्पा तसेच दांडी धरत परत आले, बसले आणि तिकीट माझ्या हातात दिलं. नातवाच्या नाही, माझ्या. मी ते घेतलं. दोन अर्धी मिळून एक पूर्ण होतं, एवढं गणित मला पाठकोऱ्या कागदांवर शिकवलेलं होतं. “हे कोणाचं?” चिरंजिवांनी विचारलं. “माझं,” मी म्हणालो. त्या प्रवासात मी बोललेलं तेवढंच एक वाक्य खरं असेल.

वाईला उतरलो, गाडी पसरणीच्या घाटाच्या दिशेने निघून गेली आणि आप्पांनी विचारलं, “बाकी घेतलीस का?” सुटे नाहीत म्हणून कंडक्टरने तिकिटाच्या मागे रक्कम लिहून दिली होती, उतरताना घ्या म्हणाला होता. उतरताना माझं लक्ष आप्पांची नजर चुकवण्याकडे होतं. म्हणजे पोराच्या वयातून वाचवले त्याहून जास्त मी महाबळेश्वरला पाठवून दिले. बायको हसली नाही. तिने नुसता पदर सारखा केला. ते जास्त लागलं.

वास्तुशांतीच्या पंगतीत चिरंजिवांनी झाला प्रकार आवाजांसकट करून दाखवला. आप्पांचा आवाज, कंडक्टरचा आवाज, माझा घशात अडकलेला आवाज. फार यशस्वी प्रयोग झाला, भाच्यांनी वन्स मोअर घेतला. आईने जिलबी वाढता वाढता विचारलं, “हे कोणावर गेलंय?” उत्तराची वाट न बघता ती पुढच्या पानाकडे गेली. आप्पा मठ्ठा पीत होते.

दुसऱ्या दिवशी परतताना तिकिटांचा कारभार बायकोने माझ्याकडून काढून घेतला. महाबळेश्वरहून आलेल्या गाडीत चढलो तर कंडक्टर तोच. मला बघताच त्याने खिशातून घडी घातलेल्या नोटा काढल्या. “साहेब, काल बाकी विसरलात. बाजूला ठेवली होती.” मला जमिनीने पोटात घेतलं असतं तर बरं, पण पायाखाली एसटीचा पत्रा होता. मी पैसे घेतले.

सुरूर फाटा सोडून गाडी हायवेला लागली तेव्हा तो आमच्यापर्यंत आला. बायको म्हणाली, “दोन महिला, एक ज्येष्ठ, दोन फुल.”

“दोन फुल?” कंडक्टरने चिरंजिवांकडे बोट केलं. “हा तर अकराचा ना? काल नागपंचमी म्हणत होता.”

चिरंजिवांनी माझ्याकडे बघितलं. आईने बघितलं, बायकोने बघितलं. पूर्ण तिकिटाचे पैसे समोर होते, बाकी परत मिळालेली होती, खोटं बोलून मिळवण्यासारखं जगात काही उरलेलं नव्हतं. मी तोंड उघडलं.

“आमच्याकडे जरा लवकर असते नागपंचमी.”

“असं होय,” कंडक्टर म्हणाला आणि त्याने आप्पांकडे बघितलं. आप्पा खिडकीबाहेर टक लावून बघत होते. बाहेर खंबाटकीचा बोगदा होता, बघण्यासारखं काहीच नव्हतं.